बाबा, ते ग्राफ रद्दीत देऊ नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नुसतं ‘म्युझियम बघून आले’ एवढंच म्हटलं. बाकीचं बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहितेय.

बार्सिलोनातलं काम शुक्रवारी आटोपलं आणि शनिवारी सकाळी साध्या गाडीने फिगेरेसला गेले. साल्वादोर दालीचं हे गाव, १९०४चा त्याचा जन्म इथलाच. गावातलं जुनं नाट्यगृह १९३९ मध्ये, यादवी युद्धाच्या शेवटी, जळालं. पोरवयात त्याची चित्रं लोकांनी पाहिली ती याच नाट्यगृहात. पुढे त्याच पडक्या भिंतींत त्याने स्वतःचं म्युझियम उभारलं. ते १९७४ मध्ये उघडलं. १९८९ मध्ये तो गेला, तेव्हा त्याला पुरलं तेही तिथेच, रंगमंचाखाली. बाबांचं बोट धरून हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघितलेली मी, तिथे पाऊल जपूनच टाकत होते.

आई, बाहेरची लाल भिंत बघून तू थबकली असतीस. तीवर ओळीने पाव लावलेत, तिथल्या पद्धतीचे, तीन टोकांचे. वर कठड्यावर ही मोठाली पांढरी अंडी. समोरच्या चर्चमध्ये दालीचा बाप्तिस्मा झाला होता. तिथेच बाहेर बसून तू बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. भाकरी अजून तशीच कुरकुरीत होती. पावाला भिंतीवर मान देणारा माणूस मला परका वाटेना.

अंगणात काळी कॅडिलॅक आहे, तिच्या आत पाऊस पडतो. पोरं तिथून हलत नव्हती.

पण बाबा, तुम्हाला सांगायचंय ते आतल्या एका मोठ्या चित्राबद्दल. जवळून बघितलं तर खिडकीतून समुद्राकडे बघणारी पाठमोरी बाई, त्याची बायको गाला. भोवती रंगांचे चौकोन. मागे मागे सरकत गेले आणि एकदम अब्राहम लिंकनचा चेहरा समोर आला! अठरा मीटरवरून तो दिसतो, असं चित्राच्या नावातच आहे. अमेरिकेतल्या लिऑन हार्मन नावाच्या शास्त्रज्ञाने लिंकनचा चेहरा मोजक्या चौकोनांत बसवला होता. १९७३ मध्ये तो छापून आला आणि त्यावरूनच दालीला हे सुचलं.

मला मात्र आपली पुढची खोली दिसली. जमिनीवर ग्राफ पसरलेला, तुमच्या कानावर पेन्सिल, आणि तुम्ही एकेक चौकोन लाल रंगाने भरताय. मी विचारायचे, ‘मोर कुठंय?’ तुम्ही म्हणायचा, ‘उंबऱ्यात जाऊन उभी राहा.’ मी उंबऱ्यात जायचे आणि मोर दिसायचा, पिसाऱ्यासकट. मग त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडायची, ते मागाच्या जकार्डवर चढायचे आणि महिन्याभरात तोच मोर कुणाच्या तरी अंगावरच्या चादरीत असायचा. लांब जाऊन बघायचं हे मला तुम्ही शिकवलंत, मी पाच वर्षांची असताना. त्या हॉलमध्ये सगळे मान वर करून उभे होते आणि मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, माझे बाबा हे करायचे.

कॉम्प्युटरवर डिझाईन निघायला लागल्यापासून तुम्ही पेन्सिल धरली नाहीत. ‘आता कोण बघतंय,’ म्हणता. मी बघतेय, बाबा.

आई, माळा आवरायला काढलायस ना? पत्र्याच्या पेटीतले ग्राफ तेवढे रद्दीत देऊ नकोस. पेटीत डांबरगोळ्या टाक. गड्ड्याच्या जत्रेला मी येतेच आहे, तेव्हा एकेक उलगडून भिंतीला लावू आणि तिघंही उंबऱ्यात उभे राहून बघू.

तुमची,
मनू