मुक्तास, खो-खोबद्दल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"अख्ख्या सामन्यात मी एकही गडी बाद केला नाही, मग संघात राहून काय उपयोग?" असं फोनवर म्हणालीस. ते मनात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या बाईंनी पाठवलेला शेवटच्या पाळीचा व्हिडिओ मी परत पाहिला. ती उंच मुलगी तुला हुलकावणी देऊन पलीकडे निसटली. तुला मध्यपाटी, म्हणजे मुली बसतात ती मधली पट्टी, ओलांडायची नाही, एकदा धरलेली दिशा खांब गाठेपर्यंत सोडायची नाही. तिला मात्र सगळं मैदान मोकळं. तू हट्टाने खांबापर्यंत धावली असतीस, तर तिला दम खायला वेळ मिळाला असता. तू तिथल्या तिथे सायलीच्या पाठीला हात लावून खो दिलास. सायली पलीकडेच तोंड करून बसलेली. दोन पावलांत गडी बाद! नाव सायलीचं लागलं, पण तुझा खो अर्धा क्षण उशिरा पडता, तर तो गडी मिळालाच नसता.

एकटीच्या वेगावर हा खेळ जिंकता येत नाही, नियमच तसे आहेत. आठ जणी बसलेल्या, एक धावणारी. गडी अगदी हाताशी आला, तरी खो मिळायच्या आधी उठलं की फाउल. हे थांबणं, आणि आपण रेटत आणलेला पाठलाग ऐन वेळी दुसरीच्या हाती सोपवणं, घरात सांगून शिकवता येत नाही गं. खेळाने भूक लागते, झोप छान लागते, अंगात ताकद येते, ते आहेच. मला मात्र याचं मोल जास्त वाटतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. तेव्हा मी नुसते मुलींनी मारलेले सूर बघत होते. खो कुणी, कुठून दिला, ते तूच मला दाखवत होतीस.

दहावीचं म्हणशील, तर वेळापत्रक आपण दोघी बसून आखू. सराव सोडल्याने गणित सुधारेल, असं मला वाटत नाही.

संघात राहायचं की नाही, ते तू ठरव. त्याआधी सायलीशी एकदा बोल. बाबा शनिवारी येताहेत, त्यांच्याबरोबर नवीन नी-कॅप पाठवते. गुडघा खरचटलाय तो रोज धुऊन मलम लाव.

तुझी,
आई