चावी तुझ्याच खिशात

निपाणी, रविवार रात्र

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मी ओरडलो आणि तू फोन ठेवलास. आई तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तू बघून आलेल्या भिवंडीच्या गोदामाचं सगळं ऐकायचं होतं गं, पण त्या पोराची गोष्ट आली आणि पुढचं मला ऐकूच आलं नाही.

व्हिडिओ चार वेळा पाहिला. ते बुटकं यंत्र फरशीवरचे चौकोनी कोड वाचत येतं, रॅकच्या पोटाखाली शिरतं आणि अख्खा रॅक उचलून माणसापुढं आणून उभा करतं. आपल्याकडं माल शोधत माणूस थप्पीथप्पीनं फिरायचा. आणि साबणाशेजारी वही, वहीशेजारी बाटली, जागा असेल तिथं ठेवायचं, कारण कुठं काय आहे ते कॉम्प्युटरला ठाऊक! आमच्या वखारीत ते फक्त दिवाणजींना ठाऊक असायचं. ते आजारी पडले की वखार आंधळी. तू हे सांगताना तुझा आवाज असा खुलला होता की मी फोन स्पीकरवर टाकून आईला ऐकवलं. ती म्हणाली, त्या बाया दिवसभर उभ्याच का? मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात तिचा जन्म गेला, तिला ते आधी दिसलं.

पण ती रुळावरची उंच क्रेन. वर खोकं अडकलं, पोरगा जाळीचं दार उघडून आत गेला, दोन मिनिटांत काम झालं, सगळे हसले. तूही हसलीस. क्रेन थांबलेली होती म्हणालीस. थांबलेली म्हणजे बंद नव्हे, बाळा. ती पुढच्या हुकुमाची वाट बघत उभी असते. खोकं मोकळं झालेलं सेन्सरला कळलं की निघाली.

दाजी डाव्या हातानं का जेवतात, असं तू लहानपणी विचारायचीस आणि आम्ही विषय बदलायचो. जर्द्याच्या चाळणीचा पट्टा निसटला होता. स्विच भिंतीपलीकडं. तंबाखूचा खकाणा असा उडालेला की हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. चाळणी बंद का म्हणून पलीकडच्यानं बटण दाबलं. त्याला तरी काय बोलणार? त्याला दाजी दिसतच नव्हते. मी वायरमन म्हणून लागून सहा महिने झाले होते. त्या दिवसापासून मशीनला हात लावण्याआधी तिन्ही फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात टाकायचो. त्या पांढऱ्या चिनी मातीच्या ग्रिपा तू भातुकलीत मांडायचीस. धुण्याच्या वेळी आई त्या खिशातून काढून कट्ट्यावर ठेवायची आणि दर वेळी चिडायची.

म्हणून सांगतो, आत जायचं तर मेन बंद. त्यावर आपलं स्वतःचं कुलूप. चावी आपल्याच खिशात. चार जण आत असतील तर चार कुलपं, आणि ज्याचं त्यानंच काढायचं. तिथला साहेब घाई करू दे, ट्रक खोळंबू दे, कोणी भित्री म्हणू दे. तू मुलगी आहेस म्हणून तर दुप्पट

हे बघ, परत भाषण सुरू झालं. माफ कर. लॉकआउट, म्हणजे हेच कुलूप लावणं, तुम्हाला अभ्यासात असणारच, फिटरच्या पोरांना शिकवावं तसं मी तुला शिकवायला नको होतं. लिहायला बसताना तो विषय काढायचाच नाही असं ठरवलं होतं.

तू कॉलेजला पहिल्यांदा एकटी निघालीस, त्या दिवशी मी एसटीच्या मागून कोगनोळी नाक्यापर्यंत गाडीवर आलो होतो. तू खिडकीत बसून चणे खात होतीस. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं. नाक्यावर उभा राहिलो, दूधगंगेच्या पुलाकडं बस जाताना बघितली आणि परत फिरलो. पुढं जाऊन तरी काय करणार होतो?

त्या गोदामातल्या सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जा. पैशाची काळजी नको, सोसायटीचं बघतो मी. आपल्या घरातलं कोणी यंत्राला हुकूम देणाऱ्या खुर्चीत बसेल, असं माझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती. तू खुर्चीतच बस. आणि आत जावंच लागलं तर... लिहिलंय वर.

धाकट्याचा कन्नडचा पेपर बरा गेला म्हणतो. गुडघ्याला तेल लावतो, विसरत नाही.

बुधवारी मामा कोल्हापूरला येतोय. त्याच्याकडं भडंग दिलं आहे, आईचे डिंकाचे लाडू आहेत आणि एक पितळी कुलूप आहे. तिथं ते चालेल की नाही कोण जाणे, त्यांची वेगळी असतील. तरी ठेव. दुकानदारानं दोन चाव्या दिल्या. एकच पाठवतोय. दुसरी आईनं देव्हाऱ्यात करंड्याखाली ठेवली आहे.

फोन कर. ओरडणार नाही.

तुझे
आप्पा