सोरायसिस आणि हिरड्या

संपादक महोदय,

गेली 12 वर्षे मला सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठण्याचा आजार आहे. कोपरे, गुडघे, डोक्याची त्वचा, नखं सगळं तपासलं गेलं. 'तोंड उघडा' असं मात्र कुणी म्हटलं नाही. दात घासून चूळ टाकली की फेस गुलाबी दिसायचा आणि मी ब्रश बदलत राहिले.

हा नुसता कातडीचा आजार नाही. त्यात शरीरभर दाह असतो, आणि हिरड्यांचे विकार या रुग्णांत जास्त आढळतात. तंबाखूने दोन्ही बळावतात. सोरायसिसच्या औषधांकडेही लक्ष हवं: मेथोट्रेक्सेटने तोंड येऊ शकतं, सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढू शकतात, ॲसिट्रेटिनने ओठ आणि तोंड कोरडं पडतं. या आजारात बोटांचे सांधे आखडले की ब्रशची बारीक दांडी धरवत नाही. मी तिला कापडाची पट्टी गुंडाळली, तेव्हा कुठे मागच्या दाढांपर्यंत हात पोचला. एवढी साधी गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती!

त्वचारोगतज्ज्ञांनी 'हिरड्यांतून रक्त येतं का?' एवढं तरी विचारावं. रुग्णांनीही दंतवैद्याला आपला आजार आणि चालू असलेल्या गोळ्या-इंजेक्शनं न लाजता सांगावीत. मी कित्येक वर्षं ते लपवलं.

— एक वाचक