नेटजवळच्या खेळाबद्दल

चि. मीरा,
अनेक आशीर्वाद.

टेनिसच्या दुहेरीत तुझी व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) एकतर नेटमध्ये अडकते नाहीतर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, बाहेर जाते, असं तू परवा फोनवर म्हणालीस. फोनवर हे नीट समजावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मुख्य गोष्ट. व्हॉली बिघडते ती हातामुळे कमी आणि उशिरामुळे जास्त. तू नेटपासून साधारण ३ मीटरवर असतेस आणि समोरची बेसलाइनवरून मारते, म्हणजे मध्ये जवळपास १५ मीटर अंतर. ताशी १०० किलोमीटरने आलेला चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आसपास कापतो. दोघी नेटवर समोरासमोर असाल तर तेवढ्याच वेगाला सेकंदाचा पाचवा भाग. एवढ्यात रॅकेट मागे नेऊन पुढे आणणं शक्यच नाही. म्हणून तयारी चेंडू येण्याआधी झालेली हवी आणि ती पायांपासून सुरू होते.

समोरचीची रॅकेट पुढे यायला लागली की तू छोटी उडी घ्यायची, दोन-तीन इंचांची, आणि तिची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी दोन्ही चवड्यांवर उतरायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल. हीच स्प्लिट स्टेप. लवकर उतरलीस तर वजन टाचांवर जातं आणि तू खिळून राहतेस. उशिरा उतरलीस तर चेंडू अंगावर येतो तेव्हा तू अजून हवेत असतेस. ही उडी फक्त सर्व्हिसच्या वेळी घेऊन भागत नाही. रॅलीत समोरच्या जोडीचा प्रत्येक फटका म्हणजे तुझी एक स्प्लिट स्टेप. बहुतेक खेळाडू तिसऱ्या फटक्यानंतर ती विसरतात, आणि नेमका तिथूनच गुण जातो.

पकड कॉन्टिनेंटलच ठेव: रॅकेटची कड जमिनीकडे करून हातोडी धरतो तशी. फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीला हीच, कारण मध्ये पकड बदलायला वेळ मिळत नाही. फोरहँड व्हॉली सारखी नेटमध्ये जात असेल तर आधी पकड तपास. ग्राउंडस्ट्रोकच्या (टप्पा पडल्यावर मारायच्या फटक्यांच्या) सवयीने तळवा हळूहळू दांड्याच्या मागे सरकतो, रॅकेटचं तोंड मिटतं, म्हणजे जमिनीकडे झुकतं, आणि चेंडू खाली जातो. वाट पाहताना पकड सैल असू दे, डावा हात रॅकेटच्या गळ्याशी, रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर. घट्ट करायची ती फक्त चेंडू लागताना. आधीपासून आवळून धरलीस तर खांदा ताठ होतो आणि हात वेळेवर निघत नाही.

फटका म्हणजे फक्त खांदे वळवणं आणि रॅकेट चेंडूच्या रेषेत आणणं. रॅकेट खांद्याच्या मागे जाता कामा नये. चेंडू पुढच्या खांद्याच्या हातभर पुढे लागला पाहिजे. फोरहँडला डावा पाय पुढे, बॅकहँडला उजवा. चेंडू फार वेगात आला तर पाऊल सोडून दे, नुसते खांदे वळव. फटक्यानंतर रॅकेट थोडीशीच पुढे जाऊन थांबते. हात मागे जातो का हे पाहायचं असेल तर भिंतीला पाठ लावून उभी राहा आणि कोणाला तरी हलके चेंडू टाकायला सांग. रॅकेट भिंतीला लागली की लगेच कळतं.

खालच्या चेंडूला रॅकेटचं डोकं खाली टाकू नकोस, गुडघे वाकवून स्वतः खाली जा. रॅकेटचं तोंड किंचित उघडं, म्हणजे वरच्या बाजूला कललेलं, ठेवायचं आणि जोर काढून घ्यायचा. नेटच्या उंचीखालचा चेंडू वर उचलावाच लागतो, जोरात मारला तर तो बाहेर जाणारच. तो मधून मार: नेट मध्यभागी ९१.४ सेंटीमीटर असतं आणि खांबांपाशी १.०७ मीटर, म्हणजे मधून मारताना जवळजवळ सहा इंच फुकट मिळतात. थेट अंगावर आलेला चेंडू बॅकहँडने घे, कोपर बाहेर काढून. फोरहँडने घ्यायला गेलीस तर हात बरगड्यांत अडकतो.

दिशा निवडायला एक साधा नियम पुरतो. खालचा चेंडू लांबच्या खेळाडूकडे, खोल. वरचा चेंडू जवळच्या खेळाडूच्या पायांशी, किंवा दोघींच्या मधल्या फटीत. खालून घेतलेली व्हॉली नेटवरच्या खेळाडूकडे गेली की ती वरून खाली मारते आणि सापडतेस तूच. कडेच्या बारीक कोनांचा मोह मात्र आवर. मधल्या चेंडूवर त्या दोघींना आधी कोण घेणार हे ठरवावं लागतं, आणि मधून परत मारताना कोनही कमी मिळतो.

आता उभं राहण्याची जागा. जोडीदार सर्व्हिस करत असताना तू सर्व्हिस बॉक्सच्या (नेटलगतचा, सर्व्हिस पडते तो चौकोन) मध्यावर, नेटपासून सुमारे ३ मीटरवर. ॲलीला (कडेचा, फक्त दुहेरीत धरतात तो पट्टा) चिकटून उभी राहू नकोस. ॲली १.३७ मीटरची, तिच्यासाठी सगळा मधला पट्टा मोकळा सोडणं परवडत नाही. सर्व्हिस बाहेरच्या बाजूला गेली तर तूही एक पाऊल बाहेर, टीकडे (दोन बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाकडे) गेली तर एक पाऊल आत. चेंडू जिकडे, तिकडे तू. नेटच्या फार जवळ गेलीस तर लॉब (उंच उचललेला चेंडू) डोक्यावरून जाईल.

जोडीदार रिटर्न करत असताना, म्हणजे सर्व्हिस परतवत असताना, सर्व्हिस लाइनवर (बॉक्सच्या मागच्या रेषेवर) उभी राहा. इथे नजरेची चूक सर्रास होते. सर्व्हिस आत पडली का ते पाहिलंस की मागे वळून जोडीदाराचा फटका पाहू नकोस, समोरच्या नेटवरच्या खेळाडूकडे पाहा. तिचे खांदे चेंडूकडे वळले तर तू जागीच खाली बसून बचावाला तयार हो. चेंडू तिला ओलांडून मागे गेला की लगेच दोन-तीन पावलं पुढे ये. वळून पाहणारीला ही बातमी फार उशिरा कळते, आणि तोवर व्हॉली तिच्या पायांशी आलेली असते.

पोचिंगवर, म्हणजे जोडीदाराकडे जाणारा चेंडू नेटवरून आडवं जाऊन मध्येच मारण्यावर, जरा जास्त लिहिते, कारण दुहेरीत सर्व्हिस राखण्याचं निम्मं काम तेच करतं. गुणाआधी जोडीदाराशी ठरव. पाठीमागे हाताने खूण कर: बंद मूठ म्हणजे थांबते, उघडा पंजा म्हणजे जाते. तिने ‘हो’ म्हटल्याशिवाय गुण सुरू करू नका. निघायचं ते रिटर्न करणारीची रॅकेट पुढे यायला लागली की. त्या वेळी तिची नजर चेंडूवर असते आणि दिशाही ठरलेली असते. त्याआधी हललीस तर ती ॲलीतून मारेल. नंतर निघालीस तर पोचणार नाहीस.

धाव नेटला समांतर नको, तिरकी पुढे हवी, नेटच्या मधल्या पट्ट्याच्या रोखाने. समांतर धावलीस तर चेंडू खाली आलेला असतो. पुढे गेलीस तर तो नेटच्या वरच मिळतो. मारायचं ते नेटवरच्या खेळाडूच्या पायांशी किंवा दोघींच्या मधून. रिटर्न करणारीकडे परत मारलंस तर सगळी मेहनत वाया. मध्यरेषा ओलांडलीस की परत फिरू नकोस, तिथेच राहा, तुझी सोडलेली बाजू जोडीदार घेईल. अर्ध्यातून परत फिरण्याने दोघी एकाच बाजूला येतात. पोचिंगला टीकडची सर्व्हिस सगळ्यांत सोयीची, कारण तिथून परतवायला कोन कमी उरतो.

एखादा चेंडू ॲलीतून गेला म्हणून पोचिंग बंद करायचं नाही. मध्येच नुसता खांदा हलवून जागेवर राहा. समोरचीला दर वेळी तुझ्याकडे पाहावं लागलं, की तिचे साधे रिटर्नही चुकायला लागतात.

दोघी नेटवर असाल तेव्हा एका रेषेत उभ्या राहू नका. चेंडूपासून तिरकी असलेली एक पाऊल मागे असावी, मधला चेंडू आणि बहुतेक लॉब तिचे. ‘माझा’ किंवा ‘तुझा’ हे मोठ्याने आणि लवकर म्हणायचं. ओव्हरहेडला (लॉब डोक्यावरून मारताना) आधी उजवा पाय मागे, अंग आडवं, डावा हात चेंडूकडे, आणि मग आडव्या पावलांनी मागे जा. तोंड नेटकडे ठेवून उलटं पळू नकोस, त्यात तोल जातो आणि पडताना मनगट दुखावतं. लॉब पार डोक्यावरून गेला तर मागे धावणारी घेईल, दुसरी बाजू बदलेल आणि तीही मागे सरकेल.

नियमांपैकी दोन पक्के लक्षात ठेव. चेंडू खेळात असताना रॅकेट, कपडे किंवा अंग नेटला लागलं तर गुण जातो. आणि चेंडू तुझ्या बाजूला आल्याशिवाय मारायचा नाही. मारल्यानंतर रॅकेट नेटवरून पलीकडे गेली तर चालतं.

सरावासाठी: दोघी सर्व्हिस लाइनवर समोरासमोर उभ्या राहून टप्पा न पडू देता ५० व्हॉली करा, आधी हळू. मग दोघी एकेक पाऊल पुढे या आणि पुन्हा ५०. त्यानंतर एकीला बेसलाइनवरून खरे रिटर्न मारायला लावून दुसरीने फक्त पोचिंग करायचं, १० चेंडू एका बाजूने, १० दुसऱ्या. यात किती व्हॉली जिंकल्या ते मोजू नका, किती वेळा बरोबर क्षणी निघालीस ते मोजा. लिअँडर पेसचे दुहेरीचे जुने सामने मिळाले तर जरूर पाहा. महेश भूपतीसोबत १९९९ मध्ये त्याने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन दोन्ही जिंकलं. पाहताना चेंडू सोडून दे आणि समोरचा मारतो त्या क्षणी पेसचे पाय काय करतात एवढंच बघ.

पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा स्प्लिट स्टेप वेळेवर पडते का ते आधी सांग. बाकीचं त्यानंतर बोलू.

तुझी,
आई