शॉर्टकट बदलताना बसलेल्या हाताचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छायाचित्र संपादनाच्या सॉफ्टवेअरचे नवे अपडेट आले की त्यातील नव्या सोयींची भरपूर चर्चा होते. मात्र त्याच अपडेटमध्ये बदललेल्या कीबोर्ड शॉर्टकटमुळे स्टुडिओत, डीटीपी केंद्रांत आणि फ्लेक्सच्या दुकानांत दिवसभर हेच काम करणाऱ्यांची जी अडचण होते, तिच्याविषयी क्वचितच कोणी लिहितो. मी हे काम बरीच वर्षे शिकवत आलो आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या फोटोशॉप सीसी २०१९ या आवृत्तीचे उदाहरण घेऊ. तोपर्यंत कंट्रोल आणि टी दाबून छायाचित्राभोवती चौकट आणायची आणि शिफ्ट धरून कोपरा ओढायचा, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण कायम राहत असे. नव्या आवृत्तीत नुसता कोपरा ओढला तरी प्रमाण राहू लागले आणि शिफ्ट धरली की ते सुटू लागले. नवशिक्याच्या दृष्टीने हा बदल चांगलाच आहे, हे मी वर्गात रोज पाहतो. परंतु वर्षानुवर्षे ज्याची करंगळी कोपरा पकडण्याआधीच शिफ्टवर जाते, त्याच्या हातून नवरीचा चेहरा किंचित रुंद होतो. हा फरक इतका थोडा असतो की डझनभर छायाचित्रे मांडण्याच्या घाईत तो पडद्यावर लक्षात येत नाही; तो दिसतो १२ बाय ३६ इंचाचे पान लॅबमधून छापून आल्यावर, आणि तेव्हा खर्च ऑपरेटरच्या किंवा दुकानदाराच्या माथी बसतो. त्यात भर म्हणजे, सुरुवातीला हा नियम छायाचित्रांच्या लेयरला, म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांना, लागू होता, पण सॉफ्टवेअरमध्येच काढलेल्या चौकटी आणि आकृत्यांना जुनाच नियम होता. एकाच निमंत्रणपत्रिकेत फोटोला शिफ्ट नको आणि महिरपीला मात्र हवी, अशी स्थिती २०२० च्या आवृत्तीत सर्वांना एक नियम लागू होईपर्यंत राहिली.

सीसी २०१९ मध्येच कंट्रोल-झेडही बदलले. पूर्वी ते एकदा दाबले की शेवटची क्रिया रद्द होई आणि पुन्हा दाबले की परत येई. आणखी मागे जायचे तर ऑल्टही धरावी लागे. पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली तेव्हा एकच पाऊल मागे जाता येत असे आणि क्रियांची पूर्ण यादी दाखवणारे हिस्टरी पॅनेल १९९८ मध्ये आले. जुनी पद्धत त्या पहिल्या मर्यादेतून रुजलेली होती. आता इतर सॉफ्टवेअरप्रमाणे कंट्रोल-झेड दर वेळी एकेक पाऊल मागे नेते आणि जुनी उलटसुलट करण्याची सोय कंट्रोल-ऑल्ट-झेडवर गेली, म्हणजे दोन्ही शॉर्टकटची सरळ अदलाबदल झाली. ज्यांना या इतिहासाशी देणेघेणे नाही, त्यांनाही एक गोष्ट पटेल: रिटचिंग करणारा माणूस कंट्रोल-झेड पुन्हा पुन्हा दाबून 'आधीचे' आणि 'नंतरचे' ताडून पाहतो. चेहऱ्यावरचा डाग नीट गेला की त्वचा प्लास्टिकसारखी झाली, हे त्याला तसेच कळते. त्याच सवयीने आता तो ताडून पाहायला गेला, तर एकामागून एक केलेले काम मागे जात राहते.

माझा आक्षेप बदलाला नाही, तो आणण्याच्या रीतीला आहे. कंट्रोल-झेडच्या बाबतीत कंपनीने पहिल्या दिवसापासून कीबोर्ड शॉर्टकटच्या खिडकीत जुनी पद्धत निवडण्याचा पर्याय दिला होता आणि ते अगदी योग्य झाले. कोपरा ओढण्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीला सेटिंगच्या फोल्डरमध्ये ठरावीक नावाची मजकूर फाइल तयार करून त्यात एक ओळ लिहावी लागत असे. प्रेफरन्सेसमधील साधी खूण नंतर आली. मे २०२१ मध्ये फोटोशॉपच्या 'सेव्ह ॲज'च्या यादीतून जेपीईजी, म्हणजे छायाचित्राच्या फाइलचा नेहमीचा प्रकार, गेले आणि ते 'सेव्ह अ कॉपी'कडे, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एसकडे वळवले गेले, तेव्हाही जुन्या वागणुकीचा पर्याय पुढच्या छोट्या अपडेटमध्ये मिळाला. लॅबला जेपीईजीच द्यावी लागते, त्यामुळे हा मधला काळ किती जणांना जाचला असेल, हे सांगायला नको. मोफत सॉफ्टवेअरही याला अपवाद नाही. गिंपच्या २०१२ मधील २.८ या आवृत्तीपासून कंट्रोल-एसने केवळ त्याची स्वतःची फाइल जतन होते आणि जेपीईजीसाठी कंट्रोल-ई वापरावे लागते. जेपीईजीत लेयर राहत नाहीत, ते गमावू नयेत हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. तरीही बसलेला हात ही कारागिराची कमाई आहे. ती बदलायला लावणाऱ्याने परतीची वाट त्याच दिवशी आणि मेन्यूत दिसेल अशी द्यावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

तोवर आपल्या हाती असलेले उपाय तरी करावेत. लग्नसराईच्या ऐन गर्दीत मोठे अपडेट घेऊ नये, आणि घेताना जुनी आवृत्ती काढून टाकण्याची खूण आधी काढावी, म्हणजे दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी राहतात. कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि के एकत्र दाबल्यास उघडणाऱ्या खिडकीतून आपला शॉर्टकटचा संच वेगळ्या फाइलमध्ये जतन करता येतो. तीच फाइल दुकानातील सर्व संगणकांवर घालावी, कारण दोन टेबलांवर दोन नियम असतील तर चूक शोधणेच अवघड होते. त्याच खिडकीतील समराइज या बटणाने सगळ्या शॉर्टकटची यादी तयार होते, ती छापून भिंतीवर लावावी. माझ्या अनुभवात, जे कायम नव्या आवृत्तीवरच काम करणार आहेत त्यांनी जुन्या पद्धतीचा आधार फार काळ घेऊ नये. कामाचा ताण नसलेल्या दिवसांत नव्या नियमाने निव्वळ सराव केला, तर हात पुन्हा बसतो. वयाने मोठ्या कारागिरांना थोडा अधिक वेळ लागतो आणि मालकांनी तो द्यायला हवा.

संगणक प्रशिक्षण संस्थांना मात्र मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अनेक ठिकाणी अजूनही शिफ्ट धरून कोपरा ओढा, असे सांगणाऱ्या जुन्या नोट्सच्या झेरॉक्स वाटल्या जातात आणि त्या कोणत्या आवृत्तीच्या आहेत, याचा त्यावर उल्लेख नसतो. विद्यार्थी ते पाठ करतो, नोकरीवर रुजू होतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला काही येत नाही असा शिक्का बसतो. नोट्सच्या प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक छापावा आणि जिथे नियम बदलला आहे तिथे जुना व नवा असे दोन्ही मराठीतून द्यावेत. सॉफ्टवेअरचे मेन्यू इंग्रजीत आणि बदलांची माहितीही इंग्रजीत असताना, हे काम संस्थांनी केले नाही तर तालुक्याच्या गावातील मुलाला ते दुसरे कोण सांगणार?

आपला विश्वासू,
एक डीटीपी प्रशिक्षक, सांगली