ओवन साउंडच्या त्या दोघांचे आभार

आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. लेक तेरा वर्षांखालच्या आइस हॉकी संघात आहे. या हंगामात जॉर्जियन बेच्या काठावरच्या ओवन साउंडला सामना होता. ह्युरॉन सरोवरावरून येणाऱ्या हिमवादळातून कसेबसे पोचलो, तर सरावातच त्याच्या स्केटचं पातं खुळखुळायला लागलं. दुकानं बंद.

समोरच्याच संघातल्या एका मुलाच्या बाबांनी स्केट मागून घेतला, आतला सोल उपसला. खालचा नट गळाला होता. ते तसेच बर्फात गाडीपाशी गेले, आपल्या मुलाचा जुना स्केट आणला, त्यातला नट काढून आमच्यात बसवला. वर गुडघे टेकून नाड्याही आवळून दिल्या (आम्हाला त्या इतक्या घट्ट कधीच जमत नाहीत). कँटीनवाल्या ताईंनी त्यांची गार झालेली कॉफी बदलून दिली आणि आम्हालाही एकेक कप, पैसे न घेता.

दोघांचे मनापासून आभार. सामना त्यांच्याच संघाने जिंकला, बरंच झालं!