बिलाच्या पाठीमागे तीन ओळी लिहिणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून, घडी घालून गल्ल्यात ठेवलं असतं आणि कुणाला सांगितलंही नसतं. म्हणून चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव आणि दुकान मात्र लिहीत नाही, "जाहिरात नको हं ताई" असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत. मुंबईच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं पुष्कळ आहेत. ज्याला शोधायचं असेल तो शोधेल.

मी कोण, हे कदाचित आठवणार नाही. गेल्या पावसाळ्यात भिजून आलेली दौंडची प्राथमिक शिक्षिका. भाजीच्या पिशवीत दोन कॅमेरे आणि एक लेन्स. त्या पिशवीला तुम्ही हसला नाहीत, हे आधी नोंदवते, कारण त्याआधी दोन ठिकाणी हसून झालं होतं.

पिशवीतला एक कॅमेरा माझ्या वडिलांचा होता, निकॉन एफ ८०, रोलवाला. ते रेल्वेत गार्ड होते. (आता गार्डना ट्रेन मॅनेजर म्हणतात. आप्पांना हे कळलं असतं तर दिवसभर हसले असते.) रजेच्या दिवशी उजनी धरणाकाठच्या भिगवणला पक्षी टिपायला जायचे आणि एका रोलमधले छत्तीस फोटो पुरवून पुरवून तीन फेऱ्यांत काढायचे. ते गेल्यावर कपाट आवरताना त्यांची ७०-३०० ची, लांबचं जवळ आणणारी लेन्स कातडी पाकिटात सापडली आणि वाटलं, ही आपण चालवायची. नव्या कॅमेऱ्याला पैसे नव्हते. जुना घ्यायचा ठरवला. इथून माझ्या फजितीची गोष्ट सुरू होते, ती थोडक्यात उरकते.

पहिला माणूस मोबाइलवर भेटला. निकॉन डी ५२००, "एक हाती वापर, फक्त घरगुती, शटर काउंट नऊ हजार". (शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा.) एका स्टेशनाबाहेर व्यवहार झाला. मी कॅमेरा तपासायला घेतला तर म्हणाला, "मॅडम, पाऊस आहे, भिजेल, घरी निवांत बघा." कॅमेऱ्याची इतकी काळजी बघून मला माणूस सज्जन वाटला! १६ हजार रुपये मोजले. घरी भाच्याने फोटोची फाइल कॉम्प्युटरवर उघडून आत दडलेला आकडा काढला: १ लाख १२ हजार. ह्या कॅमेऱ्याचं शटर कंपनीने तपासलेलं असतं एक लाखापर्यंत. म्हणजे मी पेन्शनीत निघालेला कर्मचारी नवी भरती समजून आणला होता. वर आप्पांची लेन्स त्याच्यावर चढली, पण फोकस काही करेना. फोन केला, बंद. आजही बंदच आहे.

मग पुण्यातलं एक चकचकीत दुकान. तिथल्या मुलाने लेन्स हातातही घेतली नाही. "ही शोकेसमध्ये ठेवा आँटी. पक्ष्यांचे फोटो हवेत ना, मग किट घ्या, ईएमआय करून देतो." लेन्स फोकस का करत नाही, एवढंच मी विचारत होते. त्याला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची त्याला सवय नव्हती.

मग मुंबईत तुमचं दुकान. तुम्ही आधी लेन्स हातात घेतलीत. मागचं-पुढचं झाकण काढलंत, खिशातला बारका टॉर्च एका बाजूने मारलात आणि मला म्हणालात, "या, इथून बघा." काचेच्या आत कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे. बुरशी. मला वाटलं संपलं सगळं. तुम्ही म्हणालात, "धूळ दिसली असती तर मी बोललोही नसतो, धुळीने काही होत नाही. ही बुरशी आहे, पण नुकती लागलीय, काचेचं कोटिंग खाल्लेलं नाही. साफ होईल." आणि मग थोडं रागावून, "कातड्याच्या पाकिटात घालून कपाटात कोंडलं होतं ना? माणूस तरी जगेल का तसा?" तुम्ही मूळचे सावंतवाडीकडचे, बुरशीशी तुमचं पिढीजात वैर, हे नंतर कळलं.

मी तुमच्या कपाटातल्या डी ५३०० कडे बोट दाखवलं होतं. २४ मेगापिक्सेल, दिसायला नवाकोरा, किंमतही जास्त. तो विकला असतात तर तुमचा फायदा होता आणि मी खुशीत घरी गेले असते. तुम्ही तो खालीच काढला नाहीत. म्हणालात, "ताई, ह्या जुन्या लेन्सच्या पोटात मोटर नसते. कॅमेऱ्याच्या बॉडीतली मोटर तिला फिरवते. डी ३००० आणि डी ५००० च्या मालिकेतल्या निकॉनमध्ये ती मोटरच नाही. तुमची लेन्स आंधळी झालेली नाही, तिला हात धरणारा मिळाला नाही." मग खालच्या फळीवरून डी ७००० काढलात. २०१० सालचं मॉडेल, १६ मेगापिक्सेल, बॉडी चांगली जड. आप्पांची लेन्स चढवलीत, बटण अर्धं दाबलंत आणि ती कर्रर्र करून फिरली. काका, तो आवाज मी वीस वर्षांपूर्वी भिगवणच्या काठावर ऐकलेला होता. तेव्हा मी काही बोलले नाही, तुम्हाला वाटलं असेल बाई किंमत ऐकून गप्प झाली.

किंमत १४ हजार होती. लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळल्यापासून ह्या कॅमेऱ्यांना कोणी विचारत नाही, म्हणून माझ्यासारख्यांची चंगळ, असं तुम्हीच म्हणालात.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते.

मी पैसे काढत होते. तुम्ही म्हणालात थांबा. हिशेबाच्या वहीचं कोरं पान उघडून ट्यूबलाइटखाली धरलंत, लेन्सचं छिद्र बारीक करून (एफ १६ ला) त्याचा फोटो काढलात आणि मोठा करून मला दाखवलात. पांढऱ्या पानावर चार-पाच करडे ठिपके. मला एकही दिसला नसता. तुम्ही रबरी पंपाने वारा मारलात, पुन्हा फोटो. मग सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो भाग पुसलात, पुन्हा फोटो. एक ठिपका हटेना. मग बिल फाडलंत, पिवळं, कार्बनवालं, ते उलटं केलंत आणि बॉलपेनने मागे लिहिलंत:

"शटर ४६ हजार. १) फोटोत वर डावीकडे एक डाग, निघत नाही. २) अंगठ्याजवळचं रबर सुटत आलंय. ३) फ्लॅशचं बटण कधी दोनदा दाबावं लागतं."

खाली सही, तारीख.

मी विचारलं, हे कशाला लिहिता? बिलावर गॅरंटी लिहितात. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "उद्या काही बिघडलं तर ते मला माहीत होतं की नव्हतं, हे तुम्हाला कळायला नको?"

मी कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भांडणारी बाई आहे. त्या दिवशी घासाघीस करायचं डोक्यातही आलं नाही.

परतीच्या गाडीत ते बिल मी लोणावळ्यापर्यंत हातात धरून होते. आप्पांची एक सवय आठवत होती. गार्डला प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते, गाडी कुठे किती उशिरा, कशामुळे. एकदा कुठल्याशा स्टेशनात त्यांच्याच चुकीने गाडी चार मिनिटं जास्त थांबली. सिग्नलवर ढकलता आलं असतं, गर्दीवर ढकलता आलं असतं. त्यांनी स्वतःच्या नावावर लिहिलं आणि बोलणी खाल्ली. आई चिडली, कोण बघणार होतं म्हणाली. ते म्हणाले, मी बघत होतो की. तेव्हा मला ते अति वाटलं होतं. अजूनही थोडं वाटतं. पण अशी माणसं आहेत म्हणून बाकीच्यांचे व्यवहार चालतात, नाहीतर प्रत्येकाने प्रत्येक वेळी खिशात टॉर्च घेऊन फिरायचं का? मी शाळेत मुलांना खरं बोला शिकवते, पण स्वतःच्या मालाचा दोष स्वतःच्या हाताने, तारीख घालून लिहून देताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

आता खुशाली. लेन्स तुम्ही साफ करून दिल्यापासून घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असते, आत सिलिका जेलच्या पुड्या. शेजारच्या वहिनींना वाटतं मी कुरडया ठेवते. डी ५२०० तुम्ही सांगितलंत तसा टाकला नाही, "चालतोय तोवर पोरांच्या हातात द्या" म्हणाला होतात. चौथीची मुलं त्याने शाळेच्या आवारातल्या चिमण्या टिपतात, शटर १ लाख १५ हजारांच्या पुढे गेलंय आणि अजून धडधाकट आहे. तो स्टेशनाबाहेरचा गृहस्थ भेटला तर एवढं त्याला सांगायचं आहे.

जानेवारीत भिगवणजवळच्या कुंभारगावला गेले. मच्छीमारांची होडी पहाटे निघते, धुकं पाण्यावरच बसलेलं असतं. "लेन्स थरथर सांभाळणारी नाही, शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून हळू करायचं नाही" हे तुमचं वाक्य होडीत घोकत होते. धुक्यात ते जमलं नाही, पहिले साठ फोटो वाया. नऊ वाजता ऊन आलं आणि पट्टकादंबांचा थवा उठला. हिमालय ओलांडून उजनीच्या पाण्यावर येणारे हे पक्षी, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. ओळीने तेरा फोटो घेतले. एकात त्या दोन्ही पट्ट्या मोजता येतात. वर डावीकडे आभाळात तुमचा ठिपकाही आहे, लिहून दिल्याप्रमाणे. फोटो छापून घेतलाय. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला येईन तेव्हा तुम्हाला आणून देईन, नको म्हणू नका.

आणि एक काम होतं. उन्हाळा लागला तशी तुमच्या बिलातली दुसरी ओळ खरी झाली, अंगठ्याजवळचं रबर सुटलं. घरात फेव्हिक्विक आहे, भाचा लावू का म्हणून मागे लागलाय, पण तुम्ही ओरडाल असं वाटतंय. तोवर पोळीच्या डब्याचं रबरबँड लावून ठेवलंय. काय लावायचं ते कळवा.

आपली,
दौंडची बाई
(भाजीच्या पिशवीवाली)